खोका साधाच राहू द्या

वाचकाचं पत्र:

स.न.वि.वि.
मी कोल्हापूरची. ओळखीतल्या कारागिरांकडून कोल्हापुरी चपला करून घेते आणि स्वतःच्या ब्रँडने वेबसाइटवर विकते. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं, थोडं इंग्लंडचं, कधीमधी जर्मनीचं. पूर्वी एकेक पार्सल इथून जायचं. अमेरिकेच्या आयात ड्युटीची भानगड सुरू झाल्यापासून तिकडचा माल एकगठ्ठा न्यू जर्सीच्या एका गोदामात पाठवते. ऑर्डर आली की तिथली माणसं साध्या पाकिटात घालून धाडतात. महिन्याला साठ-सत्तर जोड जातात, एक जोड ६८ डॉलरला.

आता सगळे म्हणतात, ब्रँड दिसला पाहिजे. न्यू जर्सीतच एडिसनला राहणारे दीर तर म्हणतात, पाकीट बघून लाज वाटते. शिरोली एमआयडीसीतला डबेवाला तीन साइजचे प्रत्येकी किमान १००० छापील डबे घ्या म्हणतो, ३४ रुपयांना एक. चीनमधला एक जण प्रत्येकी ५०० ला तयार आहे आणि थेट न्यू जर्सीला पोचवतो म्हणतो. गोदामवाले म्हणतात, डबा तुम्ही द्या. तो उभा करून टिश्यू, स्टिकर, कार्ड घालायचे जोडामागे १.६० डॉलर जादा. जोडाचं वजन ३९० ग्रॅम, डब्याचं १४०. डबा १२ बाय ८ बाय साडेचार इंच. काय करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

डबा छापू नका. शिरोलीचा नको, चीनचाही नको, आणि गोदामवाल्यांचे १.६० डॉलरही वाचवा. जी काही सजावट करायची ती चपला कोल्हापूर सोडायच्या आधी इथेच करा, कापडी पिशवीवर करा. न्यू जर्सीतल्या माणसाला दोनच कामं उरू द्या: जोड पाकिटात सरकवणं आणि पत्ता चिकटवणं.

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं झालं. पॅकेजिंगबद्दलची बहुतेक पत्रं ‘प्रीमियम लूक हवाय’ एवढ्यावरच संपतात, मग उत्तर तरी काय देणार? तर हिशेब बघा. तीन साइज, प्रत्येकी हजार, ३४ रुपये, म्हणजे १,०२,००० रुपये. महिन्याला ६५ जोड धरले तर तीन हजार डबे संपायला जवळजवळ चार वर्षं लागतील. तेवढ्या काळात तुमचा लोगो बदलेल, एखादा नवा साइज येईल, आणि सगळ्यात जास्त खपणाऱ्या साइजचे डबे संपून न खपणाऱ्याचे माळ्यावर पडून राहतील. लग्नात पंगतीपेक्षा पत्रिकेवर जास्त खर्च करणारी माणसं असतात, त्यांच्यात तुमची गणना व्हायला नको.

डबेवाल्यावर मात्र राग धरू नका. तो हजार मागतो याला कारण आहे. डाय म्हणजे डबा कापायचा साचा करायचा, छपाईची प्लेट करायची, मशीन लावायचं, रंग जुळेपर्यंत शीट वाया घालवायचे. हा खर्च दोनशे डब्यांना जेवढा तेवढाच दोन हजारांना. समजा तो ९००० रुपये असेल. दोनशे डब्यांवर वाटला तर डब्यामागे ४५ रुपये पडतात, दोन हजारांवर वाटला तर साडेचार. म्हणून ‘दादा, आम्हाला दोनशेच द्या’ अशी घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही. ज्या छपाईत हा सुरुवातीचा खर्चच किरकोळ असतो तिच्याकडे जायचं. स्क्रीन प्रिंटिंग, रोलवरचे स्टिकर, डिजिटल छपाई, रबरी शिक्का. थोडक्या नगांचं सगळं काम या चारांत बसतं.

पण छपाई हा तुमच्या प्रश्नातला छोटा खर्च आहे. मोठा खर्च डब्यातल्या हवेचा.

कुरियर कंपन्या वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. आंतरराष्ट्रीय कुरियरचा साधारण हिशेब म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. तुमचा डबा भरतो सुमारे ७०८० घन सेंटिमीटर, म्हणजे १.४ किलो. आत चप्पल ३९० ग्रॅमची! तोच जोड तळव्याला तळवा लावून पिशवीत घातला तर साधारण ३० बाय १४ बाय ६ सेंटिमीटरचा पुडा होतो, म्हणजे अर्धा किलो. भाडं जवळजवळ तिप्पट, आणि ते कशाचं, तर हवेचं. न्हावाशेव्याहून समुद्रमार्गे, दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये पाठवलंत तरी तिथे घनमीटरवर पैसे मोजावे लागतात. एका घनमीटरात डबाबंद जोड बसतील १४० च्या आसपास, पिशवीतले कागदावर ३९५ च्या वर, प्रत्यक्षात थोडे कमी.

यावर तुम्ही म्हणाल, डबे घडी करून चपट्या गठ्ठ्यात पाठवते. पाठवा की! मग न्यू जर्सीत ते कुणीतरी उभे करायला हवेत आणि त्याचेच ते १.६० डॉलर. डब्याच्या किमतीच्या चौपटीच्या आसपास जाणारी ही रक्कम आहे. शिवाय रिकामे डबेही गोदामात जागा अडवतात, आणि तिथे जागेचं भाडं दर महिन्याला लागतं. तीन साइजचे डबे म्हणजे तीन खण, चुकीच्या डब्यात चुकीचा साइज जायची तीन दारं.

आता गोदामातून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा प्रवास. अमेरिकी टपाल खात्याच्या ‘ग्राउंड ॲडव्हांटेज’ सेवेत एका पौंडाच्या आतल्या पार्सलला औंसाच्या हिशेबाने दर लागतो. पौंड ओलांडला की पुढचा पूर्ण पौंड धरतात. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तुमचा जोड ३९०, डबा १४०, एकूण ५३०. झाले दोन पौंड. पिशवी, कागद, कार्ड, पाकीट सगळं मिळून ४५ ग्रॅममध्ये बसवलंत तर होतात ४३५, म्हणजे तुम्ही पौंडाच्या आत. या एका आकड्यासाठी मी बाकी सगळ्या सजावटीवर पाणी सोडायला तयार आहे. खासगी कुरियरने पाठवलंत तर डब्याची गोष्ट आणखी बिघडते. तिथे इंचांचा गुणाकार १३९ ने भागतात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून फेडेक्स आणि यूपीएस दोघंही इंचाचा अपूर्णांक पुढच्या पूर्ण इंचात धरतात. तुमचे साडेचार इंच तिथे पाच झाले. १२ गुणिले ८ गुणिले ५, भागिले १३९, म्हणजे साडेतीनच्या आसपास, म्हणजे बिलात चार पौंड. पाव इंच इकडे-तिकडे होऊन पैसे जाण्याचे दिवस आलेत. कुठलाही डबा किंवा पाकीट ठरवताना बाहेरून मोजपट्टी लावून बघा. पुरवठादार बहुतेक वेळा आतलं माप सांगतात.

चीनबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न इतरही बरेच जण विचारतात. ज्यांचा मालच ईवू किंवा ग्वांगजौहून येतो आणि तिथल्याच एजंटच्या गोदामातून गिऱ्हाइकाला जातो, त्यांनी पॅकेजिंगही तिथेच करून घ्यावं. शेजारच्या गल्लीत छपाईवाला असतो, एजंट शंभर-दोनशे नगांवरही काम करून देतो आणि बरेच एजंट ते आपल्या फळीवर फुकट ठेवून घेतात. त्यांनी फक्त डाय आणि प्लेट कुणाच्या मालकीची हे लेखी घ्यावं, नाहीतर एजंट बदलायची वेळ आली की सगळं नव्याने करावं लागतं. तुमचा मात्र माल कोल्हापूरचा. रिकामा डबा चीनहून न्यू जर्सीला आणायचा म्हणजे भाडं वेगळं, ड्युटी वेगळी, आयातीचे कागद वेगळे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटीतून जी सूट होती ती चीनसाठी २ मे २०२५ ला आणि बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. तेव्हा आपल्या टपाल खात्यानेही अमेरिकेची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवली होती. ‘थेट पोचवतो’ असं जो म्हणतो त्याला ड्युटी कोण भरणार हे विचारा. तिथेच बहुतेकांचं बोलणं अडखळतं.

तर पिशवी. इचलकरंजी तुमच्या हाकेच्या अंतरावर. तिथलं ग्रे कापड, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं सुती, साधारण १२० जीएसएमचं (चौरस मीटरला १२० ग्रॅम) घ्या. नऊ इंच बाय चौदा इंचाची, वर नाडी ओवलेली पिशवी शिवून घेतली तर तिचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास येतं, आणि मुख्य म्हणजे तुमचे तिन्ही साइज एकाच पिशवीत जातात. दोनशे पिशव्यांपासून शिवणारे तुमच्या भागात मिळतील. छपाई एका रंगात, स्क्रीनने, पिशवी शिवण्याआधी सपाट कापडावर. माझ्या अंदाजाने शिलाई-छपाईसकट वीस ते तीस रुपयांत बसावं, पण दोन-तीन ठिकाणी विचारा. दोन रंगांच्या मोहात पडू नका. दुसऱ्या रंगाला दुसरा स्क्रीन लागतो, आणि एकावर एक नीट बसला नाही तर सगळी खेप दिसायला ओंगळ. गडद काळा किंवा मरून. ग्रे कापडावर फिके रंग मरतात.

इथे एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते: खरी कोल्हापुरी तेल पिते आणि तेल सोडते. पांढरा टिश्यू पेपर तिला गुंडाळला की आठवड्याभरात नकाशे उमटतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, वापरलेली चप्पल पाठवली. म्हणून टिश्यू नकोच. आधी साधा खाकी कागद, मग पिशवी. कातड्याचा रंग कापडाला लागतो का तेही बघून घ्या: एक जोड ओलसर फडक्यात गुंडाळून दोन दिवस वजनाखाली ठेवा. आणि छपाई झालेली एक पिशवी कोमट पाण्यात चोळून बघा. छपाईवाल्याने रंग नीट भाजला, म्हणजे गरम करून पक्का केला नसेल तर तिथेच कळेल.

पावसाळ्यात पॅकिंग करणार असाल तर बुरशीचं बघा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात काय हवा असते हे तुम्हाला मी काय सांगू. चपला पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत घालू नका, प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि मोठ्या खोक्याला आतून प्लास्टिकचं अस्तर लावा. बुरशी मारणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या मात्र घेऊ नका. त्यांत डायमिथाइल फ्युमरेट हे रसायन असलं तर युरोपात २००९ पासून त्यावर बंदी आहे. त्यामुळे लोकांच्या कातडीला चट्टे उठले होते. साधी सिलिका जेल पुरते. आणि भरणीसाठी भाताचा पेंढा किंवा तूस वापरायची हौस कुणी सुचवली तर नाही म्हणा. ‘गावरान लूक’ म्हणून ते काहींना आवडतं, पण अमेरिकेच्या कृषी खात्याला अजिबात चालत नाही.

आता पिशवीच्या नाडीला एक टॅग. तुमचं सगळं ब्रँडिंग खरं म्हणजे या टॅगवर आणि आतल्या कार्डावर उभं राहणार आहे. टॅगच्या एका बाजूला लोगो. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या स्टिकरवर काळ्या रेघांचा बारकोड, साइज, रंग आणि ‘मेड इन इंडिया’, इंग्रजी अक्षरांत. बारकोड खाकी कागदावर छापू नका, स्कॅनर रुसतो. टॅग पिशवीच्या बाहेर लोंबलाच पाहिजे. गोदामातल्या माणसाला साइज बघायला पिशवी सोडावी लागली तर त्याचे पैसे लागतील, आणि पिशवी परत नीट बांधली जाणार नाही ते वेगळंच. टॅगसाठी कोल्हापुरात किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अशा प्रेसवाल्यांना गाठा, जे एकाच मोठ्या शीटवर अनेकांची कामं एकत्र लावून छापतात. हजार टॅग तिथे अगदी परवडतात. साइज आणि बारकोड नंतर स्टिकरने लागत असल्यामुळे हजारात तुमचे तिन्ही साइज येतात. छापील भाग सगळ्यांना एकच आणि बदलता भाग स्टिकरवर: थोडक्या नगांच्या धंद्यात मी याहून कामाची युक्ती बघितलेली नाही.

‘मेड इन इंडिया’ टॅगवर आणि चपलेवर, दोन्हीकडे हवं. अमेरिकेच्या सीमाशुल्क कायद्याने देशाचं नाव सहज दिसेल, वाचता येईल आणि गिऱ्हाइकापर्यंत टिकेल असं असावं लागतं. त्यात एक खाच आहे जिथे बरेच जण अडकतात. टॅगवर तुम्ही न्यू जर्सीचा पत्ता किंवा ‘यूएसए’ असं काही छापलंत, तर त्याच्या अगदी जवळ, निदान तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘मेड इन इंडिया’ यावं लागतं. गोदामाचा पत्ता छापूच नका. गोदाम उद्या बदलेल. वेबसाइटचं नाव आणि ‘कोल्हापूर, इंडिया’ पुरे. तुमच्या मालाला तोच पत्ता शोभतो.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर हे तिथलं चर्मोद्योग महामंडळ त्याचे संयुक्त मालक, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पलीकडचे असे आठ जिल्हे त्यात येतात. त्याचं चिन्ह पिशवीवर छापायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा. तुमचे कारागीर नोंदवलेले असतील तर महामंडळाकडे विचारा. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दिसल्या आणि गदारोळ झाला, तेव्हापासून अमेरिकेतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना हे नाव निदान ऐकून माहीत आहे. त्याचा फायदा कार्डावर घ्या.

हो, कार्ड. पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला चप्पल कुठे आणि कशी होते याच्या चार ओळी, दुसऱ्या बाजूला ती कशी सांभाळायची: सुरुवातीचे दिवस थोडी घट्ट वाटेल, पाण्यात भिजवू नका, भिजली तर सावलीत सुकवा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. हे कार्ड तुमची निम्मी ‘वास येतो’, ‘चावते’ छापाची तक्रार थांबवेल. त्यावर किंमत, सवलतीचा कोड, तारीख काही छापू नका. सणाचं काही असेल तर स्टिकर लावा. ‘पाच तारे द्या’ असंही नको. उद्या ॲमेझॉनवर गेलात तर कार्डातून चांगला शेरा मागणं तिथल्या नियमात बसत नाही.

दीरांना लाज वाटते त्याचं काय? त्यांचा मुद्दा सगळाच चुकीचा नाही. पाकीट उघडल्यावर फाटक्या प्लास्टिकमध्ये चप्पल दिसली तर ६८ डॉलर देणाऱ्याला वाईट वाटणारच. पण तो आत काय दिसतं याचा प्रश्न झाला. बाहेरच्या पाकिटावर ब्रँड असून फायदा कुणाला? तो बघणार पोस्टमन आणि दारातली पार्सलं उचलून नेणारे चोर. तुमच्या आतापर्यंतच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय काढून वाचा आणि किती जणांनी खोक्याबद्दल लिहिलंय, किती जणांनी साइजबद्दल, तेवढं मोजा. माझी पैज साइजवर. आणि पिशवीच्या बाहेर अगदीच काही हवं असेल तर पॅकिंग स्लिपवर, म्हणजे पाकिटात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, काळ्या शाईत लोगो येऊ द्या. ती स्लिप गोदामात तशीही छापली जाते. शॉपिफायसारख्या ऑनलाइन दुकान चालवायच्या सेवेत तिचा नमुना बदलता येतो, तुमचं गोदाम तो वापरतं का एवढं विचारा. जादा पैसे बहुधा लागत नाहीत.

पहिल्या खेपेच्या आधी दोन भरलेल्या पिशव्या कुरियरने दीरांना पाठवा. त्यांनी त्या साध्या पाकिटात घालून, जिन्यावरून दोन-चारदा टाकून, फोटो काढावेत. गोंडेवाल्या आणि जरीच्या चपला तेवढ्या चेपतात का ते बघा. चेपत असतील तर त्यांच्यापुरता गोदामाने तिथेच विकत घेतलेला साधा, छोटा खोका वापरावा. ते लोक खोके हजारांनी घेतात, तुम्हाला दोन-दोन मिळतील. आतली पिशवी तीच.

पाठवताना मोठा खोका पाच प्लायचा म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, एका खोक्यात एकच साइज, आणि वजन ५० पौंडांच्या आत. त्यापेक्षा जड खोकी गोदामं नाकारतात किंवा दंड लावतात. बाहेर इंग्रजीत साइज, रंग, नग. सोबत एका पानाची सूचना, तीही फोटोंची: हा पुडा, हे पाकीट, इथे पत्ता. लिहिलेली पानं गोदामात कुणी वाचत नाही.

कस्टमचं एक कलम तुमच्या ब्रोकरला आधीच विचारा. मालासोबत गेलेलं पॅकिंग सहसा मालाच्याच वर्गात धरलं जातं, पण पिशवी पुन्हा वापरण्याजोगी असल्यामुळे ती वेगळी धरायची का, असा प्रश्न निघू शकतो. बिलात पिशवीची किंमत लपवू नका, ड्युटीसाठीच्या मूल्यात पॅकिंगचा खर्चही धरावा लागतो. आणि शंभर जोडांमागे दहा-बारा रिकाम्या पिशव्या आणि टॅग जादा पाठवा, बिलात स्वतंत्र ओळ लिहून. पायताणाच्या धंद्यात साइज बदलून मागणारे खूप. परत आलेला जोड चांगला असतो पण पिशवी चुरगळलेली, टॅग तुटलेला. त्या दहा-बारा पिशव्या नसल्या की गोदामवाले तोच जोड नुसत्या प्लास्टिकमध्ये पुढच्याला पाठवतात.

छापील डब्याचा विषय कायमचा बंद करा असं मी म्हणत नाही. एखाद्या साइजचे महिन्याला तीनशेच्या वर जोड जायला लागले की शिरोलीला पुन्हा जा. तोवर दिवाळीला किंवा लग्नसराईला भेट म्हणून कुणी मागितलं, तर साध्या खोक्यावर चढवायची कागदी पट्टी शंभर-दोनशे नग डिजिटलवर छापून घ्या. ती चपटी जाते आणि उरली तरी जीव जात नाही. दिवाळीची खेप समुद्रमार्गे जाणार असेल तर ती गणपतीच्या आधी कोल्हापुरातून निघालेली बरी.

राहिलं इंग्लंड आणि जर्मनी. तिथे अजून इथूनच पार्सल जातं, त्यामुळे पिशवी-टॅगचा सगळा सरंजाम तसाच चालेल, फक्त चपलेवर किंवा टॅगवर वरचा भाग, अस्तर आणि तळवा कशाचा आहे हे दाखवणारी चित्रचिन्हं किंवा शब्द लागतात. पायताणांसाठीचा तो युरोपीय नियम १९९४ चा आहे आणि इंग्लंडनेही तो ठेवलाय. चिन्हांचा छोटा स्टिकर करा. इंग्लंडच्या पॅकेजिंगच्या करांच्या मर्यादा टनांत आहेत, तुमच्यापर्यंत येणार नाहीत. जर्मनीत मात्र किमान मर्यादाच नाही. पहिल्या पार्सलापासून ‘ल्युसिड’ या नोंदवहीत नाव हवं आणि पुनर्चक्रणाच्या व्यवस्थेला फी भरायला हवी. त्यात १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकायच्या वस्तूवर किंवा तिच्या पॅकिंगवर तिथल्या एका जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता छापावा लागतो. ती व्यक्ती मिळवायची म्हणजे वर्षाची फी. कधीमधी येणाऱ्या ऑर्डरींसाठी हे परवडत नाही. वेबसाइटच्या शिपिंगच्या यादीतून जर्मनी सध्या काढून टाका, आणि तिथून कुणी विचारलं तर इंग्लंड-अमेरिकेतल्या नातेवाइकाचा पत्ता द्यायला सांगा.